तीस तारखेच्या अलीकडे

१६ सप्टेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा. ही वही बायकोने दिली आहे. निघताना बॅगेत अगदी वर ठेवली आणि बजावलं की रोज लिहायचं, जेवलो-झोपलो असं लिहून पाट्या टाकायच्या नाहीत. बाळाला मोठेपणी वाचून दाखवायचं आहे म्हणे, तू पोटात होतास तेव्हा तुझे बाबा परगावी काय दिवे लावत होते ते. तर बाळा, ऐक. पहिल्याच दिवशी तुझ्या बाबांनी सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर कपाळ आपटून घेतलं. टेंगूळ आलं आहे.

कंपनी पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकते. खाली गोदाम, वर ऑफिस, मध्ये लोखंडी जिना. तो चढताना इतका वाजतो की उशिरा येऊन गुपचूप बसायची सोय नाही. माझं टेबल मागच्या खोलीत, कपाटाला लागूनच. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीवरून उतरणारा एक पाइप. पण खुर्ची चांगली आहे. चांगली खुर्ची मिळाली की मी निम्मा खूश असतो.

काम माझ्या आवडीचं आहे. यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनं, आणि ज्यात त्याचा सगळा डेटा राहतो तो डेटाबेस सर्व्हरही जुना. दोघं म्हाताऱ्या जोडप्यासारखे, एकाचं बोलणं दुसऱ्यालाच कळतं. नवा सर्व्हर आणून जोडला तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. ‘व्हर्जन जुळत नाही’ एवढं एक वाक्य दाखवतं आणि गप्प बसतं. नवं सॉफ्टवेअर घ्यावं तर ते जुना डेटा वाचत नाही. मी दोन्ही बदलायचे आणि एकाही नोंदीला धक्का न लावता डेटा जुन्यातून नव्यात न्यायचा. माझ्याआधी दोघांनी हात टेकले म्हणे. नव्याचे नऊ दिवस असतील, पण मला हुरूप आला आहे.

हिशेबाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, मालकसुद्धा. केस पांढरे, चष्मा गळ्यात दोरीला. मी आल्याआल्या कपाटाकडे निघालो तर म्हणाल्या, बस आधी, चहा घे, सर्व्हर कुठे पळून जात नाही. मग त्यांनी स्वतः माझं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत घातलं. रुजू झाल्याची तारीख सॉफ्टवेअरने आपणच भरली. कुटुंबाच्या रकान्यात बायकोचं नाव घातलं. मूलबाळ विचारलं तेव्हा मी सांगितलं की डॉक्टरांनी तीन ऑक्टोबर दिली आहे. बाईंनी कीबोर्डवरून हात काढला आणि म्हणाल्या, मग ते राहू दे. मीच हौसेने म्हटलं, घाला हो, येणारच आहे आता. त्यांनी नावाच्या जागी ‘बाळ’ असं लिहिलं.

भाड्याची खोली ऑफिसपासून दहा मिनिटांवर आहे. घरमालकिणीने संध्याकाळी न्हाणीघरात नेऊन नळाचं शास्त्र समजावलं. उजवा आधी अर्धा उघडायचा, मग डावा, नाहीतर पाइप ओरडतो. तीनदा करून दाखवलं. मी सर्व्हर सांभाळतो हे तिला सांगून उपयोग नव्हता.

ही फोनवर मजेत होती. माझी ताई तिच्याजवळ राहायला आली आहे, त्यामुळे काळजी नाही. एक तारखेला रजा टाकून घरी जायचं ठरलं आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार

गोदामवाले काका हा माणूस नमुना आहे. डोक्यावर केस नाही आणि कानावर पेन्सिल. कुठलाही सुटा भाग हातात घेऊन नुसत्या वजनावरून नंबर सांगतात, यादी बघायची नाही. मी दोनदा परीक्षा घेतली, दोन्ही वेळा तोंडघशी पडलो. तीस तारखेला ते निवृत्त होणार आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरी एकटेच. मी विचारलं की एक तारखेपासून काय करणार. पेन्सिल या कानावरून त्या कानावर गेली. म्हणाले, तीस तारीख सरू तर दे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

डेटाची नक्कल करून माझ्या मशीनवर प्रयोग चालू आहेत. जुन्या व्हर्जनवरून सरळ नव्यावर उडी मारणं भरवशाचं नाही, मधल्या एका व्हर्जनवर मुक्काम करावा लागतो. जुन्यातून मधल्यात सात तास, मधल्यातून नव्यात आणखी सात. नक्कल व्यवस्थित पार पडली. मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

खऱ्या सर्व्हरला मात्र हात लावता येत नाही. कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला आणि पासवर्ड बाईंच्या डोक्यात. महिन्यात एकच दिवस उघडतात, तीस तारखेला. मी म्हटलं, तोवर मी काय भजन करू. म्हणाल्या, कर, आवाज चांगला असेल तर.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज त्या तीस तारखेचं कोडं सुटलं, आणि मी पोट धरून हसलो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी जुन्या सर्व्हरला तीस सप्टेंबरपर्यंतच मुदत दिली आहे. त्यापुढची तारीख दिसली की सॉफ्टवेअर उघडत नाही, नवं व्हर्जन आणा म्हणतं. यावर यांनी काढलेला उपाय असा की तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता सर्व्हरची तारीख मागे करायची. तीसची सोळा. की पुन्हा दोन आठवडे बिनघोर.

मी काकांना म्हटलं, वा, कॅलेंडरची पानं फाडली नाहीत म्हणजे वय वाढत नाही असलाच हा प्रकार. काका हसले नाहीत. असं कधीपासून करताय विचारलं तर म्हणाले, मोजणं सोडलं. आणि बिलांवरच्या तारखा? ते आमचं आम्ही बघतो, असं बाई दारातून म्हणाल्या.

२६ सप्टेंबर, गुरुवार

बाई रोज जेवणाच्या सुट्टीत घरी जातात. नवऱ्याला भरवायला. फुप्फुसांचा आजार आहे, अंथरुणाला खिळले आहेत, शेजारीण बसते दिवसभर. मूल नाही, दोघंच. आज परत आल्या तेव्हा पदराला औषधाचा डाग होता. डॉक्टरांनी महिनाअखेर म्हणून सांगितलं आहे, हे त्यांनी भाजीचा भाव सांगितल्यासारखं सांगितलं. त्यांनीच विषय बदलला आणि हिच्याबद्दल विचारलं, पायांवर सूज आहे का, झोप लागते का. मोठ्या मनाची बाई आहे.

३० सप्टेंबर, सोमवार

ताईचा फोन! कळा सुरू झाल्या, तीन दिवस आधीच. रिक्षाने दवाखान्यात नेलं आहे, नर्स म्हणाली रात्रीपर्यंत होईल. सहाची बस आहे. अक्षर बघ कसं येतंय. बाळा, तुला घाई कसली रे!

बाईंना सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, जा, लगेच जा, तेवढी तारीख मात्र मागे करून जा, माझ्या चष्म्याला दिसत नाही, आणि आता ते तुझंच काम. पासवर्ड त्यांनी घातला. निघतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

वर एक ऑक्टोबर लिहिणार होतो. मोबाइल सतरा सप्टेंबर म्हणतो. पानवाल्याकडचं वर्तमानपत्र तेच म्हणतं. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे निदान वाचताना तरी कळेल की डोकं माझं फिरलं आहे की आणखी कुणाचं.

काल पाचला मी तीसची सोळा केली, ‘ठीक आहे’चं बटण दाबलं, बॅग उचलली आणि जिना उतरलो. शेवटच्या पायरीवर ताईला फोन लावला, तिने उचलला नाही. हिला लावला. हिने उचलला. हसत होती. विचारलं, पहिला दिवस कसा गेला. मी कळांचं विचारलं तर म्हणाली, कसल्या कळा, अजून अडीच आठवडे आहेत, उगाच घाबरवू नकोस. मग म्हणाली की कंबर मात्र अशी दुखतेय की एकदा होऊन गेल्यासारखं वाटतंय.

मला वाटलं थट्टा. पण खोलीवर गेलो तर घरमालकिणीने दारातच थांबवलं आणि न्हाणीघरात नेऊन नळ दाखवला. उजवा आधी अर्धा. मी म्हटलं, दोन आठवडे उघडतोय की. ती म्हणाली, अहो, आजच तर सामान टाकलंत. तीनदा करून दाखवलं.

वही मात्र भरलेली आहे. कपाळावरचं टेंगूळ गेलं आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार. दुसरी खेप

काकांना गोदामात कोपऱ्यात गाठलं. ओरडलोच. त्यांनी ओरडू दिलं, मग खोक्यावर बसवलं आणि सांगितलं.

ज्यांची नावं त्या यादीत आहेत त्यांना सगळं आठवतं. त्यांच्या घरच्यांची नावं घातलेली असतील तर त्यांना आठवत नाही, पण त्यांचं अंग विसरत नाही. बाकी जग कोरं, पाटी पुसल्यासारखं. तारीख मागे गेली की सगळं मागे जातं. बाईंच्या नवऱ्याला तीस तारखेची रात्र काढता येणार नाही, म्हणून ती तारीख सरू द्यायची नाही. काकांना निवृत्त व्हायचं नाही. घरी जाऊन भिंतींशी बोलू का, म्हणाले. प्रत्येकाचं काही ना काही आहे. मी विचारलं, आणि माझं? त्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि हातात धरून बसले.

मी म्हटलं, आमची नावं काढा. काका म्हणाले, या व्हर्जनमध्ये नाव घालता येतं, काढता येत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार. दुसरी खेप

बाईंशी बोललो. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या की मी तुला राहू दे म्हटलं होतं, तूच घाला म्हणालास. खरं आहे. माझ्या हौसेने मी बायकोला आणि जन्मालाही न आलेल्या जिवाला त्या रकान्यात कोंबलं. घोर मूर्ख माणूस आहे मी.

कपाट फोडून टाकावंसं वाटतं. पण आत ही आहे, बाळ आहे. फोडलं तर त्यांचं काय होईल ते कुणालाच माहीत नाही. हात उठत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार. दुसरी खेप

साडेतीनला फोन आला. त्याच शब्दांत. रात्रीपर्यंत होईल.

मी तारखेला हात लावायला नकार दिला. कपाटासमोर उभा राहिलो, हलणार नाही म्हटलं. बाईंनी पाच वाजता माझ्या बाजूने हात घातला. चष्मा न लावता. बोटांना सगळं पाठ होतं. मी त्यांना ढकलू शकलो असतो. साठीची बाई, आणि रडत होती. नाही ढकलता आलं.

खाली उतरलो. हिने उचलला. पहिला दिवस कसा गेला विचारलं. आवाज थकलेला होता.

२१ सप्टेंबर, शनिवार. तिसरी खेप

हिचं वजन चार किलोंनी उतरलं आहे. डॉक्टर चक्रावले आहेत, वजनकाटा बिघडला असेल म्हणाले. ही म्हणते की तिला स्वप्न पडतं, ती दवाखान्यात आहे आणि कुणीतरी तिला अर्ध्यातून उठवून घरी पाठवतं, पुन्हा या म्हणून. कुठल्या तोंडाने सांगू?

ताई म्हणाली, तू तिकडे खातोस-पितोस ना नीट, आवाज असा का येतोय.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. तिसरी खेप

उद्याच्या बसने घरी जातो. बाईंचं, कपाटाचं जे व्हायचं ते होवो. निदान हिच्याजवळ असेन. पाच वाजता हिचा हात धरून ठेवतो. घट्ट. बघू कसं सोडवतात.

१७ सप्टेंबर, मंगळवार. चौथी खेप

धरला होता.

तीसला दुपारी तीनपासून धरून बसलो होतो. कळ आली की ती माझ्या मनगटात नखं रुतवायची. मध्येच दम लागून तिने डोळे उघडले आणि म्हणाली की मला आता हे पुन्हा जमणार नाही. पुन्हा, म्हणाली. नर्सला वाटलं गुंगीत बोलते आहे. मला कळलं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला एक मिनिट कमी होतं. मी दोन्ही हातांनी धरलं.

आणि मी लोखंडी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो. मुठी आवळलेल्या. मनगटावर तिच्या नखांचे वण होते, अजून आहेत.

घरमालकीण नळ दाखवायला आली. मी दारच उघडलं नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार. चौथी खेप

ही आज चालताना पडली. बाळ ठीक आहे. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं की हिच्या अंगात बाळंतपण निभावण्याइतकी ताकद दिसत नाही, काय झालंय ते कळत नाही, याच दोन आठवड्यांत काहीतरी झालंय. ताई रडत रडत सांगत होती. आणखी एक खेप ही काढणार नाही. एवढं मला डॉक्टरांशिवाय कळतं.

नुसती तारीख सरू दिली तर सॉफ्टवेअर बंद पडेल आणि आत कोंडलेल्यांचं काय होईल ते कुणालाच ठाऊक नाही. मार्ग एकच. तीस तारखेच्या पाचच्या आत सगळा डेटा नव्या व्हर्जनवर न्यायचा. नव्याला मुदतीची अट नाही. तारीख मागे करायचं कारणच उरणार नाही.

पण दोन टप्प्यांचे चौदा तास. आणि सर्व्हर पासवर्ड घेतो तो फक्त तीस तारखेला, सकाळी नऊ ते पाच. आठच.

२५ सप्टेंबर, बुधवार. चौथी खेप

मधला मुक्काम गाळून नकलेवर सरळ उडी मारून बघितली. सहा तास. एकदा पडलं. दुसऱ्यांदा पार झालं. तिसऱ्यांदा पडलं. चौथ्यांदा पार.

बाईंच्या पाया पडलो. खरोखर पडलो, फरशीवर. त्या घरी निघून गेल्या.

२८ सप्टेंबर, शनिवार. चौथी खेप

बाई तयार झाल्या.

काल त्यांच्या नवऱ्याने विचारलं म्हणे, मी किती वेळा मरतोय गं. त्याला काही आठवत नाही, तरी विचारलं. सोड आता, म्हणाला. बाई मला म्हणाल्या की सोमवारी सकाळी नऊला कपाट उघडते, पाचपर्यंत तुझं. काकांनी ऐकलं आणि निवृत्तीच्या कागदावर सही करून टाकली. पेन्सिलनेच केली.

मला वाटतंय की जमेल. चारपैकी दोनदा पार झाली आहे. मला वाटतंय.

३० सप्टेंबर, सोमवार. चौथी खेप

सकाळी नऊ. कपाट उघडलं. पासवर्ड. सरळ उडी सुरू केली. मधल्या मुक्कामाला वेळ नाही, बाळा, तुझा बाबा जुगार खेळतोय.

बारा. निम्म्याहून कमी डेटा पार, खरा सर्व्हर नकलेपेक्षा हळू आहे. बाई शेजारी बसून आहेत. घरी गेल्या नाहीत. शेजारणीला फोन करून सांगितलं, आज तूच भरव.

दोन. चालू आहे. हात लावायचा नाही. श्वाससुद्धा हळू घेतो आहे.

साडेतीन. ताईचा फोन. कळा.

चार. ताईचा पुन्हा. हिच्यात जोर नाही, पण बाळ खाली आलं आहे. डॉक्टर आले. लवकर होणार म्हणाले. पाचच्या आत! पाचच्या आत होईल. सर्व्हर कर्मचाऱ्यांच्या यादीवर आला आहे, शेवटची यादी —

चार दहा. थांबलं.

पडद्यावर एक वाक्य. व्हर्जन जुळत नाही. बाकी डेटा नवा झाला आहे, यादी अर्धी नवी, अर्धी जुनी. जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही. नवं उघडत नाही. खाली एकच बटण आहे, मागे जा. मागे म्हणजे सोळा.

पुढे जायचं बटण नाही. सगळीकडे शोधलं. नाही.

चार दहा. फोन चालूच आहे. ताई म्हणते आहे, डोकं दिसतंय, आता एकच कळ, आता एकच.

चार दहा. मी तीन वेळा सगळं तपासलं. निदान तास गेला असेल. भिंतीवरचं घड्याळ, मोबाइल, पडदा, सगळीकडे चार दहा. खिडकीबाहेर पाइपातून गळणारा थेंब खाली पडत नाही. ताई म्हणते आहे, डोकं दिसतंय, आता एकच कळ.

चार दहा. हिचा आवाज फोनवर येतो आहे. एकच. चढत नाही, उतरत नाही. कळ सुरू आहे आणि संपत नाही.

चार दहा. बाईंनी घरी फोन लावला. शेजारीण म्हणते, श्वास आत घेतला आहे, छाती वर आली आहे, खाली जात नाही. डोळे उघडे आहेत. बघतायत. बाई म्हणाल्या, असं नाही, मी असं नव्हतं म्हटलं.

चार दहा. काका दारात उभे. पाय उंबऱ्यावर. आत येत नाहीत.

चार दहा. मधला मुक्काम केला असता तर. चौदा तास मिळाले असते तर. माझीच — मीच घाला म्हटलं —

चार दहा. बाईंचा हात माऊसवर. मागे नेते म्हणतात. निदान श्वास तरी सोडतील. मी त्यांचं मनगट धरलं आहे, डाव्या हाताने लिहितो आहे. मागे गेलं तर हिला सगळं पहिल्यापासून, आणि ती त्यातून उठणार नाही, आणि बाळ — नाही गेलं तर ही कळ — हा आवाज —

मी ओरडून विचारलं, काय करू, सांग, काय करू. हिला बोलता येत नाही. बाई हिसका देतात. माझी पकड सैल होते आहे. मी करतो आहे का ती सैल, मला कळत नाही. ताई म्हणते आहे डोकं दिसतंय, आता एकच कळ, आता ए